इलारियोची गिटार, तुमचा रंग

भावजी, तुम्ही पळून गेलात.

बाकी सगळे म्हणताहेत की तुम्ही शांतपणे गेलात, झोपेत गेलात, पुण्यवान होतात. म्हणू देत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात. तेव्हापासून बघते आहे, अडचणीचा प्रश्न समोर आला की तुम्ही परसदाराने नाहीसे व्हायचात. सासूबाई विचारायच्या, "लोणच्याची बरणी कोणी फोडली?" आणि तोवर तुमच्या चपला अंगणातून गेलेल्या असायच्या. या खेपेलाही तेच केलंत. दार मात्र असं शोधलंत की मला मागून येऊन पाठीत धपाटा घालता येऊ नये.

तेराव्याला पेणच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी म्हणालं, अप्पांच्या बोटांत देव होता. कोणी म्हणालं, अप्पांनी जन्मात कोणाचं मन दुखवलं नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडात लाडू होता, तो मी पाण्याबरोबर गिळला. मग तुमच्यासारखेच एक गणपतीचे कारखानदार माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही थोरल्या, त्यातून शिकलेल्या. दोन शब्द बोला." मी मान हलवली. ते दोन शब्द माझ्याकडे नव्हतेच. तुमच्याकडे होते, आणि ते तुम्ही बरोबर घेऊन गेलात. "चुकलो, वहिनी." एवढेच.

हे मी ईशा आणि रोहनसाठी लिहून ठेवते आहे. कॅनडात वाढलेल्या माझ्या नातवंडांना एवढंच माहीत आहे की रोह्याची आजी आणि पेणचे अप्पाआजोबा एकमेकांशी बोलत नसत. का, ते कोणी धड सांगितलं नाही. त्यांना इंग्रजी सोपं पडलं असतं, आणि मला काय, जन्मभर रोह्याच्या शाळेत मी तेच शिकवलं. पण आपलं भांडण मराठीत झालं. इंग्रजीत लिहिलं असतं तर दुसऱ्याच पानावर कोणीतरी सॉरी म्हणालं असतं आणि सगळं मिटलं असतं. पोरं सावकाश वाचतील. बोलणं मात्र तुमच्याशीच आहे, ती फक्त साक्षीदार.

तर क्रमाने.

धाटावच्या एका कंपनीत नवी यंत्रं बसवायला स्पेनहून मातेओ आला. तुमचे दादा त्याच कंपनीत होते. त्यांनी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आपल्या घराची वरची खोली त्याला दिली. मला वाटलं, गोरा माणूस, महिनाभरात आमटीला कंटाळून पनवेलचं हॉटेल गाठेल. तो दोन पावसाळे राहिला. शिफ्ट संपवून आला की ओटीवर बसून गिटार वाजवायचा, आणि हे शेजारी बसून त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. एक दिवस मातेओने ती यांच्या मांडीवर ठेवली. त्यानंतर ती त्या मांडीवरून खाली उतरली ती जेवणापुरतीच.

तुम्ही रविवारी पेणहून यायचात, पिशवीत पापड आणि नखांत शाडूची माती घेऊन. पहिल्याच रविवारी तुम्ही गिटार उलटी करून तिची पाठ पाहिलीत आणि म्हणालात, "हे शिसवीच आहे. आपल्याकडचं लाकूड. याच्याकडे कसं गेलं?" मग प्रश्नामागून प्रश्न. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि मातेओचं इंग्रजी यथातथाच. मध्ये मी. म्हणजे ही गिटार ज्याने केली त्या इलारियोची सगळी गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली आहे. "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय तुम्हाला नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

इलारियो हा मातेओचा आजोबा. स्पेनच्या दक्षिणेला एका लहान गावात तो चर्चसाठी लाकडाच्या मूर्ती कोरायचा आणि रंगवायचा. संत, देवमाता, पंखांची बाळं. सणाला लोक त्या खांद्यावरून मिरवत नेत. मग त्या देशात आपसांत लढाई पेटली. एका दुपारी गावातल्या माणसांनी चर्चमधल्या मूर्ती चौकात ओढून आणल्या आणि पेटवल्या. इलारियोच्या हातचं सगळं त्यात गेलं. जाळणाऱ्यांत त्याचे शेजारीही होते. त्यांच्याच लेकरांचे चेहरे बघून त्याने ती पंखांची बाळं कोरली होती. त्यानंतर त्याने ठरवलं की ज्याला चेहरा आहे असं काही म्हणून करायचं नाही. घरात वर्षानुवर्षं वाळत ठेवलेलं लाकूड होतं, त्याच्या त्याने गिटारी करायला घेतल्या.

तो थोड्याच करायचा. वरची फळी हलक्या लाकडाची. ती बोटाच्या पेराने वाजवून ऐकायचा, जराशी तासायचा, पुन्हा ऐकायचा. आतून पंख्याच्या पात्यांसारख्या बारीक काड्या चिकटवायचा. मधल्या भोकाभोवती लाकडाचे तिळाएवढे तुकडे बसवून नक्षी. आणि वरून रंग नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने तिचा हात द्यायचा, इतका पातळ की दिलाय की नाही कळू नये. असं आठवडेच्या आठवडे. मातेओ म्हणाला, आजोबा सांगायचे, याहून जाड काही चढवलं तर गाणाऱ्या बाईला जाड कोट घालून उभं केल्यासारखं होईल. मी तुम्हाला सांगताना कोटाची घोंगडी केली, म्हणजे नीट समजावं.

तुम्हाला नीट समजलं होतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, याला सांगा, तुझ्या आजोबाचे देव लोकांनी जाळले. आमचे आम्हीच बुडवतो, दर वर्षी, वाजतगाजत. विचारा, जास्त वेडा कोण?"

मी विचारलं. मातेओ इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढच्या आठवड्यात तो पेणला तुमच्या कारखान्यात आला, तुम्ही त्याच्या हातात कुंचला दिलात आणि रांगेने मांडलेले उंदीर रंगवायला बसवलंत. त्याने एका उंदराला हिरवा केला. तुम्ही तो तसाच विकलात. त्या दिवशी तुम्ही मला फार आवडला होतात, भावजी. हेही लिहिते, कारण मी खोटी साक्ष देणार नाही.

मातेओ परत निघाला तेव्हा गिटार ठेवून गेला. म्हणाला, दोन पावसाळे काढून हिच्या लाकडाला इथली ओल सवयीची झाली आहे, माझ्या गावच्या कोरड्या हवेत नेली तर फुटेल. खरं कारण तुमच्या दादांची मांडी होती, ते आपल्याला तिघांनाही कळलं. पुढे पुष्कळ वर्षं हे रोज वाजवत. फार मोठे वादक नव्हते. पण मी वह्या तपासत असले की तो आवाज स्वयंपाकघरातून, ओटीवरून, माझ्या खांद्यावरून जायचा, आणि माझ्या हातची लाल पेन्सिल जरा सौम्य व्हायची. मुलांना दोन मार्क जास्त मिळायचे ते इलारियोमुळे.

मग हे आजारी पडले. गणपतीचा ऐन हंगाम होता. तुम्ही कारखाना कामगारांवर टाकलात आणि आमच्याकडे येऊन राहिलात. रोज सकाळी त्यांची दाढी तुम्ही करायचात. मूर्तीच्या गालावरून ओला हात फिरवावा तसा तुमचा हात फिरायचा, आणि ते डोळे मिटून म्हणायचे, "डोळ्यांची आखणी नको करूस रे, अजून उघडतात ते." तेव्हाही तुम्ही हसवलंत. ते गेले तेव्हा माझा हात तुम्हीच धरला होतात. तुमच्यावरचं माझं हे ऋण आहे. ते मी नाकारत नाही. त्याने दुसरा हिशेब मिटत नाही, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मुलाने आईवर दया म्हणून खोलीत एसी बसवून दिला. गिटार त्याच खोलीत होती. कोरड्या गारव्याने तिच्या वरच्या फळीला केसासारखी चीर गेली. तुम्ही आलात, नखाने चीर चाचपलीत आणि म्हणालात, "देतो भरून."

मी म्हटलं, "फक्त चीर. बाकी बोटसुद्धा लावायचं नाही."

"वहिनी, मी काय आजचा आहे?"

हे वाक्य मी रोज आठवते.

यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही ती परत आणलीत. पेणहून गाडीत मांडीवर घेऊन आलात. घरात सगळे जमलेले. गणपती घरी आणताना त्याचं तोंड झाकतो तसा तुम्ही तिच्यावर नवाकोरा रुमाल टाकला होता. मला समोर बसवलंत आणि रुमाल काढलात.

सोनेरी. सगळी सोनेरी, देवाच्या मुकुटाला देतात ते चमकीचं लस्टर मारलेली, वरून काचेसारखं व्हार्निश. चिरेत तुम्ही सुतारासारखी लांबी भरली होतीत आणि ती सपाट करायला अख्खी फळी पॉलिश पेपरने घासली होतीत. इलारियोची लाख धूळ होऊन तुमच्या कारखान्याच्या जमिनीवर पडली असणार. भोकाभोवतीच्या नक्षीला तुम्ही आखणीच्या कुंचल्याने सोन्याची रेघ दिली होती, एका दमात ओढलेली, कुठे थरथर नाही. ज्या कुंचल्याने तुम्ही देवाला दृष्टी देत होतात, त्याच.

"काय भारी दिसतंय गो वयनी!" तुमचा कामगार बाळू म्हणाला. सगळे म्हणाले. कोणी फोटो काढला. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखे.

मी तारेवरून बोट फिरवलं. पुठ्ठ्याच्या ओल्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला.

"भावजी, हिचा आवाज कुठे गेला?"

"आवाज? आवाज आहे की. जरा नवी आहे, बसेल."

"ही नवी नाही. हीच तर गंमत होती. मी तुम्हाला सांगितलं होतं, वर लाखेशिवाय काही चालत नाही."

"वहिनी, आपण बाप्पासुद्धा दर वर्षी नवा आणतो. जुनं, भेगाळलेलं दादांच्या नावाने ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

"मी तुम्हाला घोंगडीची गोष्ट सांगितली होती."

आणि तुम्ही चारचौघांत, माझ्या ओटीवर, माझ्या नवऱ्याच्या श्राद्धाला म्हणालात, "तुमचं भाषांतर चुकलं असेल."

लोक हसले. मी त्या गावच्या दोन पिढ्यांना भाषांतर शिकवलेली बाई. मी उठून आत गेले. आपण एकमेकांशी सरळ बोललो ते शेवटचं. म्हणजे जवळजवळ शेवटचं.

नंतर कळलं, दादांना वर्षानंतर काहीतरी द्यायचं म्हणून तुम्ही रात्री कामगार गेल्यावर एकट्याने ते काम केलंत. लताने सांगितलं. तुमची बायको म्हणून तिला ते सांगणं भाग होतं. मी तिला म्हटलं, "प्रेमाने केलं म्हणून मारलेला माणूस जिवंत होतो का?" ती म्हणाली, "नाय हो ताई. पण मारणारा फाशी जात नाय."

फाशी नाही, पण मी तुम्हाला सोडलं नाही. रोह्याच्या आपल्या घरचा गणपतीचा पाट दर वर्षी तुमच्या कारखान्यात पहिल्या फळीवर असायचा, थोरल्या घरचा म्हणून. सासऱ्यांच्या काळापासूनचा. पुढच्या आषाढात मी रिक्षा करून पेणला आले, तुमच्या कारखान्यात शिरले, पाट उचलला, आणि तुमच्याच गल्लीत समोरच्या कारखान्यात नेऊन दिला. मूर्तिकाराची थोरली भावजय शेजारच्या कारखान्यातून गणपती नेते, ही बातमी पेणमध्ये माझ्याआधी बसस्टँडला पोचली. त्या समोरच्या कारखानदारांना इतका घाम फुटला की ते म्हणाले, "बाई, अप्पा काय म्हणतील?" मी म्हटलं, "तेच ऐकायला आले आहे."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती घेऊन मी मुद्दाम तुमच्या दारावरून रिक्षा हळू न्यायला सांगितली. तुम्ही पायरीवर उभे. रिक्षावाल्याला हात करून थांबवलंत. रुमालाची कड उचलून बघितलंत आणि लताला म्हणालात, "तुझ्या जावेला सांग, डावा डोळा वाकडा आखलाय."

मी म्हटलं, "लता, तुझ्या नवऱ्याला सांग, मला चष्मा आहे."

पण तुम्ही तुमचं काम केलं होतंत. घरी आणल्यापासून विसर्जनापर्यंत मला त्या देवाचा डावा डोळाच दिसत राहिला. आरती म्हणताना मी मान तिरकी करायचे. ईशाला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "आजी, डोळा एकदम सरळ आहे." पुढे लताने सांगितलं, तुम्ही घरात पोट धरून हसला होतात. डोळ्यात काही खोट नव्हती. आखणी तुमच्या तोडीची होती, आणि तुम्हाला ते सहन झालं नाही म्हणून तुम्ही माझा गणपती नासवलात. याला म्हणतात दीर!

मग तशीच रीत पडली. लग्नकार्यात आपण एकाच पंगतीत बसायचो आणि मध्ये लता. "वहिनींना विचार, आमटी आळणी आहे का." "भावजींना सांग, मीठ पेणचंच आहे, आळणी कसं असेल." लता एकदा वैतागून म्हणाली, "मी काय तुमचा टेलिफोन हाय? बिल कोण भरणार?"

गिटार मी कपाटावर ठेवली, आल्या-गेल्याला दिसेल अशी. ईशा मागे लागली होती, मुंबईत वाद्यं दुरुस्त करणारे आहेत, रंग उतरवता येतो, आजोबांचा आवाज थोडा तरी परत येईल. मी नाही म्हटलं. पुरावा कोणी धुऊन टाकतं का? आरोपी कबूल होत नाही तोवर पुरावा जागच्या जागी राहायला हवा. सात वर्षं तो तसाच राहिला. तुम्ही घरी आलात की त्याच्याकडे बघायचात. बघून प्रसन्न व्हायचात.

मग तुम्ही आजारी पडलात. लताचा फोन आला, "ताई, डॉक्टरने घरी न्यायला सांगितलंय." मी दुसऱ्याच दिवशी निघाले. डबा घेतला, आणि गिटार घेतली. लोकांना वाटलं असेल, वहिनी किती मायेची, आजारी दिराला गाणं ऐकवायला निघाली. मी तुम्हाला ऐकवायलाच निघाले होते. तुम्ही काय केलं आहे ते तुमच्या कानांनी ऐकल्याशिवाय तुम्हाला जाऊ द्यायचं नाही, असं ठरवून रोह्याहून गाडीत बसले होते.

तुम्ही अर्धे उरला होतात. उशाला बसले. मध्ये लता नव्हती, ती पेज करायला गेली होती. मी गिटार तुमच्या कानाशी धरली आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. ठप्प. पुन्हा फिरवला. ठप्प.

"ऐकलंत?" मी विचारलं. सरळ तुम्हालाच.

तुम्ही डोळे उघडलेत. हात उचलून गिटारीच्या पोटावरून बोटं फिरवलीत, सावकाश, भोकापाशी, त्या रेघेवर. मी वाट बघत होते. माझं काळीज वाजत होतं, गिटार नाही. वाटलं, आता म्हणणार.

तुम्ही म्हणालात, "रंग टिकलाय, वहिनी."

आणि तुम्हाला झोप लागली. तीन दिवसांनी तुम्ही परसदार उघडलंत.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायला हवं.

तेराव्यानंतर लता तुमच्या फोटोपाशी ठेवायला तुमच्या हातची एक मूर्ती शोधत होती. घरात नव्हती. कारखान्यात शंभर मूर्ती उभ्या, पण साच्यातल्या, बाळूने आणि त्याच्या भाच्यांनी रंगवलेल्या. तुम्ही आखणी सोडून बरीच वर्षं झाली होती. जुनी गिऱ्हाइकं आठवून तिने फोन केले. प्रत्येकाने तेच सांगितलं, "वैनी, गणपती कोण ठेवतं? अप्पांचा पण बुडवला." तुम्ही हजारो डोळे आखलेत, भावजी, आणि त्यातला एकही आज या जगाकडे बघत नाही. सगळे भोगावतीच्या, कुंडलिकेच्या गाळात.

दुसऱ्या आठवड्यात लता रोह्याला आली. कपाटावर नजर ठेवून म्हणाली, "ताई, यांच्या हातचं कायच राहिलं नाय गो. ती रेघ तेवढी हाय. गिटार मला द्या. कोणी वाजवत तर नाय."

सात वर्षं सुडाचा मार्ग शोधत होते, तो माझ्या ओटीवर चालत आला. तुमच्या हातची या पृथ्वीवरची शेवटची गोष्ट माझ्या कपाटावर होती, आणि ती पुसणं माझ्या हातात होतं. तुम्ही इलारियोला पुसलंत, दादांच्या बोटांचा आवाज पुसलात. आता पाळी माझी.

मी लताला सांगितलं, "नाही देणार. रंग काढायला माणूस बोलावला आहे."

बोलावला नव्हता. ती बसल्यावर बोलावला.

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "काढा. पण मी समोर बसणार. परकं कोणी हात लावताना यांच्याजवळ मी असायला पाहिजे."

मुंबईहून सावियो आला. गोव्याकडचा, दाढीवाला, बोलका. त्याने गिटार आरशाने आतून पाहिली आणि तिथेच ओटीवर मांडी घातली. चिंध्या, पातळ पाती आणि कसलंतरी उग्र वासाचं पाणी. लता समोर पाटावर. तुमचं सोनं चिंधीवर यायला लागलं. आत काड्या तशाच होत्या, पंख्यासारख्या. एका काडीवर इलारियोची पेन्सिलीची सही, ती सावियोने आम्हाला आरशात दाखवली. लता म्हणाली, "हे बरं, पोटात सही करायची. बुडवायला नेलं तरी कोणाला कळत नाय."

शेवटी ती रेघ राहिली. सावियोने हात थांबवला. "आंटी, ही रेघ आवाजाच्या आड येत नाही. आणि काय ओढलीय! मशीनला जमणार नाही. राहू दे का?"

 लताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर कंपनीची बस वळत होती, तिकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "काढा."

तो पुन्हा म्हणाला, "नक्की?"

"शाळेत मी एकच गोष्ट दोनदा सांगत नसे."

रेघ जायला वेळ लागला. तुमचा हात पक्का होता. ती गेली तेव्हा लता म्हणाली, "मी असते तर ठेवली असती."

"म्हणून गिटार माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

नव्या तारा लावून सावियोने ती वाजवली. फळी घासून पातळ झालेली, पूर्वीचा भरदारपणा नाही. पण आवाज आला. खोल, थोडा खरखरीत, आजारातून उठलेल्या माणसासारखा. स्वयंपाकघरातून गेला, ओटीवरून गेला, माझ्या खांद्यावरून गेला. सावियोच्या सोनं लागलेल्या चिंध्यांतली एक माझ्या हातात होती, ती मी सोडली नाही. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तुम्हाला तेवढा विजय द्यायचा नव्हता. व्हिडिओवर ईशा ऐकत होती, ती रडली. तिचं माफ.

तुम्ही जिथे असाल तिथे हे ऐका. तुमचा रंग नव्हता, तेव्हा ती अशी वाजायची. आता पुन्हा वाजते. तुम्ही चुकला होतात.

सावियो संध्याकाळच्या गाडीने पनवेलकडे गेला. मी चहा टाकला. लता कपाळाला हात लावून बसली होती. मी कप दिला तेव्हा म्हणाली, "ताई, राग गेला का आता?"

"नाही."

"थोडा?"

"थोडाही नाही."

तिने एक सुस्कारा सोडला, आणि भावजी, ती हसली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हणाली, "बरं झालं. तिकडे सगळे यांना देव करून बसलेत. मी एवढंच म्हटलं, घोरायचे किती, तर सून म्हणते, आई, आता असं बोलू नये. मग मी कोणापाशी बोलू गो? चाळीस वर्षं त्या माणसाशी भांडले, आता एकदम आरती करू?" मग पदर खोचून ती पुढे सरकली. "माझ्या स्वयंपाकघराचं फडताळ माहितीय ना तुम्हाला? मी माहेरी गेले, तर आल्यावर बघते, सोनेरी! मग काय, यांच्याकडूनच घासून घेतलं."

ती परत जायची होती, पण अजून इथेच आहे. सकाळच्या चहाला आम्ही सुरू होतो. काल फडताळ झालं. आज तिच्या भावाच्या लग्नात तुम्ही नवरदेवाच्या घोड्याला लस्टर लावलंत ते. मध्येच ती उठून आत जाते, नळ सोडते, आणि नळ बंद व्हायला वेळ लागतो. मग बाहेर येऊन म्हणते, "हां, तर काय सांगत होते?" उद्या माझी पाळी. माझ्याकडे अजून पुष्कळ आहे.

मरणाबरोबर वैर संपतं असं म्हणतात. आम्हा दोघींना ते परवडणारं नाही.